नंबर गेला, डोळा तसाच राहिला

दहावीच्या विज्ञानात भिंगांचा धडा आहे. त्यात निकटदृष्टितेची दोन कारणं येतात. एक, डोळ्याच्या भिंगाची शक्ती जास्त असते. दुसरं, नेत्रगोल लांबट झालेला असतो. पाचगणीच्या एका शाळेत मी हा धडा दरवर्षी शिकवत आले. लांबट डोळ्याची आकृती काढायची, किरण पडद्याच्या अलीकडे मिळतात हे दाखवायचं, पुढे अंतर्गोल भिंग ठेवून तेच किरण बरोबर पडद्यावर आणायचे आणि दूरदृष्टितेकडे वळायचं. भिंग ठेवलं की मुलांच्या लेखी दोष संपायचा. माझ्याही लेखी संपायचा. डोळा लांबट झाला म्हणजे त्याच्या भिंतींचं काय झालं, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नाही. माझे स्वतःचे दोन्ही डोळे तसे होते, तरी पडला नाही. त्याची किंमत माझ्या उजव्या डोळ्याने मोजली आहे. ती कशी मोजली आणि त्यात कुठे कुठे माझं चुकलं, ते सगळं सांगायचं ठरवलं आहे.

मला तिसरीत चष्मा लागला. दर उन्हाळ्यात शाळा सुरू होण्याआधी वडील मला वाईहून साताऱ्याला घेऊन जायचे. नंबर पाऊण-एकने वाढलेला असायचा, नव्या काचा बसायच्या आणि आम्ही संध्याकाळच्या एसटीने परत यायचो. बारावीला उजव्या डोळ्याचा उणे नऊ आणि डाव्याचा उणे साडेआठ झाला होता. घरात त्याची काळजी होती, पण ती काचांच्या जाडीची. गाजराचा रस, भिजवलेले बदाम, सकाळी दवात अनवाणी चालणं, सगळं झालं. पाहुण्यांना आई सांगायची, "सारखं पुस्तकात डोकं असतं हो तिचं." त्या सांगण्यात कौतुक जास्त असायचं आणि मला ते आवडायचं.

नवजात बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर लांब असतो. मोठ्या माणसाचा सुमारे २४. ही वाढ बरीचशी पहिल्या दोन-तीन वर्षांत होते, पुढे ती मंदावते आणि शाळेच्या वयात थांबत येते. माझ्यासारख्यांच्या बाबतीत ती थांबत नाही. डोळा मागच्या बाजूने लांबत राहतो. लांबी एक मिलिमीटरने वाढली की नंबर साधारण अडीच-पावणेतीनने वाढतो. नंबर उणे सहाच्या पुढे किंवा लांबी २६ मिलिमीटरच्या पुढे गेली की डॉक्टर त्याला तीव्र निकटदृष्टिता म्हणतात. माझ्या उजव्या डोळ्याची लांबी २७.६ मिलिमीटर आहे. नंबर मला लहानपणापासून तोंडपाठ होता. हा दुसरा आकडा मला वयाच्या ४३व्या वर्षी कळला.

२००१ साली मी पुण्यात लेझरने चष्मा घालवून घेतला. लग्नाची बोलणी सुरू होती आणि दोन स्थळांनी चष्म्याचं कारण सांगून नकार दिला होता. ऑपरेशन उत्तम झालं, हे आधी सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी उशाशी चष्मा न चाचपता समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं. तो आनंद मी आजही कमी लेखणार नाही. लेझरने डोळ्याच्या सगळ्यात पुढच्या पारदर्शक पटलाला नवा आकार दिला होता. ते पटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. त्यातला थोडा भाग काढून ते चपटं केलं की किरण मागे, नेमके पडद्यावर जाऊन मिळतात. म्हणजे मी फळ्यावर डोळ्यापुढे जे अंतर्गोल भिंग काढायचे, तेच काम डोळ्याच्या कातडीवर कोरून केलं होतं. आकृतीतला डोळा मात्र तेवढाच लांब होता. पुढचं काम झालं होतं. मागे कोणी हात लावला नव्हता आणि लावताही आला नसता.

घरी येताना हातात एक छापील पत्रक दिलं होतं. त्यात लिहिलं होतं की मूळ नंबर जास्त असलेल्यांनी पडद्याची तपासणी दरवर्षी करून घ्यावी. तेव्हा मी ते वाचलं नाही. डॉक्टरांनी सांगायचं ते सांगितलं होतं, त्यामुळे त्यांच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षाच्या तपासण्या संपल्यावर मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणं बंद केलं. लग्नानंतर घर बदलताना जुने चष्मे, नंबराची कार्डं, ऑपरेशनची फाइल असं सगळं एका पिशवीत भरून रद्दीत दिलं. ती पिशवी उचलताना मोकळं वाटलं होतं. पुढे नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, विम्याच्या अर्जात, जिथे जिथे डोळ्यांबद्दल विचारलं तिथे मी 'दोष नाही' असं लिहीत गेले. मी खोटं लिहीत होते असं मला वाटतच नव्हतं. माझी तशी खात्री होती.

चाळिशीनंतर शाळेत एक नेत्रतपासणी शिबिर झालं. तिथल्या तरुण डॉक्टरीण बाईंनी डोळ्याचा दाब मोजला, नॉर्मल आला. मग त्या म्हणाल्या, "मॅडम, थेंब घालून बाहुली मोठी करते, पडदा बघून घेऊ." बाहुली मोठी केली की तीन-चार तास उजेड सहन होत नाही, जवळचं दिसत नाही. मला स्कूटरवरून पसरणी घाट उतरून वाईला जायचं होतं. मी नको म्हटलं. त्यांनी विचारलं, "आधी कधी चष्मा होता का?" मी म्हटलं, "होता लहानपणी, आता नाही." उणे नऊ होता, हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला तशी सोडली नसती. दाबाचा जो आकडा ऐकून मी निर्धास्त झाले, तोही पुरता खरा नव्हता. लेझरने पुढचं पटल पातळ केलेल्या डोळ्यात यंत्र दाब कमी दाखवतं. शिवाय लांब डोळ्यात मागची नस आधीच ताणलेली असल्याने काचबिंदूचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणजे ज्याला नेमकी मोजणी हवी, त्याचीच मोजणी कमी येते. मूळ नंबर सांगणं का महत्त्वाचं, ते इथे कळतं.

२०१९च्या मार्चमध्ये घरी दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. रात्री जेवणं आटोपल्यावर तपासायला बसायचे. एका रात्री पाणी प्यायला अंधारात स्वयंपाकघरात गेले आणि उजव्या डोळ्याच्या कानाकडच्या बाजूला उजेडाची एक कमान चमकून गेली. नजर फिरवली की पुन्हा चमकायची. दिवा लावला की दिसायची नाही. मला अधूनमधून अर्धशिशीचा त्रास होतो, तेव्हाही डोळ्यांपुढे चमकतं. मी पित्त झालं असं ठरवलं, कोकम घेतलं आणि झोपले. दोनेक दिवसांनी त्याच डोळ्यापुढे एक काळा धागा आणि त्याच्याभोवती मिरीच्या पुडीएवढे बारीक ठिपके तरंगायला लागले. उत्तरपत्रिकेवर ओळ वाचताना ते तिच्यावरून सरकायचे. मी म्हटलं, झोप कमी होतेय. ह्यांनी विचारलं, "डॉक्टरांना दाखवायचं का?" मी म्हटलं, "गठ्ठे नियामकांकडे गेले की जाऊ."

अर्धशिशीची चमक दोन्ही डोळ्यांना दिसते, नागमोडी असते, हळूहळू पसरते आणि साधारण अर्ध्या-पाऊण तासात निघून जाते. पडद्याला बसणाऱ्या ओढीची चमक एकाच डोळ्यात, क्षणभर आणि नजर हलवली की पुन्हा येते. फरक ओळखायला एक एक डोळा तळहाताने झाकून बघायचं, बस. इतक्या दिवसांत मी ते एकदाही केलं नाही. दोन्ही डोळे उघडे असताना डावा डोळा उजव्याची उणीव भरून काढत होता, म्हणून माझं काम अडत नव्हतं, आणि काम अडत नाही म्हणजे आजार नाही असं मी धरून चालले होते. ठिपक्यांनंतर नाकाच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात एक करडी सावली दिसायला लागली. ती दिवसभर तिथेच होती. तरीही मी उरलेल्या उत्तरपत्रिका संपवल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करताना डाव्या डोळ्यात साबण गेला, तो मिटला, आणि उजव्या डोळ्याने समोरची बादली दिसेना. बादलीच्या जागी एक हलणारं धुरकट काहीतरी होतं.

दुपारपर्यंत आम्ही पुण्याला पोचलो. पडद्याच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून, डोक्यावरचा दिवा लावून, हातात भिंग धरून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "मूळ नंबर किती होता?" या खेपेला मी खरं सांगितलं. "सावली कधीपासून?" तेही सांगितलं. ते म्हणाले, "सावली कोपऱ्यात होती तेव्हा पडद्याचा मधला भाग अजून जागेवर होता. आता तोही सुटलाय. ऑपरेशन करू, पडदा बसेल. पण मधल्या भागाची नजर किती परत येईल, ते आत्ता सांगता येत नाही." माझ्या हातून काय गेलं, ते मला त्या वाक्यात कळलं. मधल्या दिवसांत मी उत्तरपत्रिका तपासत होते.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. डोळ्यात काय काय घडलं होतं ते मात्र मला नंतरच्या एका भेटीत नीट समजलं, आणि ते मी डॉक्टरांच्या संगणकावर माझ्या डाव्या, म्हणजे त्यातल्या त्यात चांगल्या डोळ्याच्या फोटोवरून शिकले. निरोगी पडद्याचा फोटो मी पुस्तकात पाहिला होता: एकसारखा केशरी-तांबडा, मध्ये नसेचं गोल, पिवळसर टोक, त्यातून निघणाऱ्या रक्तवाहिन्या. माझा तसा नव्हता. तांबड्या रंगावर फिकट पट्टे दिसत होते. डॉक्टर म्हणाले की ते पट्टे म्हणजे पडद्यामागच्या थरातल्या रक्तवाहिन्या. वरचे थर विरळ झाले की खालच्या वाहिन्या दिसायला लागतात. नसेचं टोक गोल नव्हतं, तिरकं आणि उभट होतं. त्याच्या कानाकडच्या बाजूला एक पांढरी कोर होती. मी विचारलं, "ही कोर कसली?" ते म्हणाले, "ते श्वेतपटल आहे. डोळ्याचं बाहेरचं कवच. आतले थर इथून मागे सरकलेत, म्हणून ते उघडं पडलंय." आरशात डोळ्याचा जो पांढरा भाग दिसतो, तोच मी आतल्या बाजूने पाहत होते.

डोळा लांबतो तेव्हा भिंतीत नवा माल फारसा भरला जात नाही. एकाच गोळ्याची पोळी मोठी लाटली तर ती पातळ होते, तसं हे आहे. श्वेतपटल मागच्या बाजूला साधारण एक मिलिमीटर जाड असतं. फार लांबलेल्या डोळ्यात ते तिसऱ्या हिश्श्यावर येऊ शकतं. त्याच्या आत रक्तवाहिन्यांचं रंजितपटल असतं. पडद्याच्या प्रकाश ओळखणाऱ्या पेशींना प्राणवायू पुरवण्याचं काम त्याचं. पडद्याच्या मध्यबिंदूच्या खाली ते मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास जाड असतं, ते शंभर मायक्रॉनच्याही खाली, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी होऊ शकतं. सगळ्यात आत पडदा. तो कडेला सर्वांत जास्त ताणला जातो आणि तिथे काही पट्टे इतके झिरझिरीत होतात की त्यांना जाळी पडल्यासारखं दिसतं. डॉक्टर त्याला लॅटिस म्हणतात. काहींच्या डोळ्याचा मागचा भाग सगळीकडे सारखा न वाढता एका जागी बाहेर फुगतो. माझ्या डाव्या डोळ्यात तसा फुगवटा सुरू झाला आहे.

उजव्या डोळ्यात घडलं ते असं. डोळ्याच्या पोकळीत एक पारदर्शक, घट्टसर द्रव असतो. वयानुसार तो सगळ्यांचाच पातळ होत जातो आणि पडद्यापासून सुटतो. लांब डोळ्यात हे बरंच लवकर होतं. सुटताना तो लॅटिसच्या जागी चिकटून राहिला आणि पडदा ओढला गेला. पडद्याला वेदना कळत नाही. त्याला ओढलं तरी तो मेंदूला उजेडच दिसल्याचं कळवतो. अंधारातली ती कमान म्हणजे ही ओढ होती. मग पडदा फाटला, थोडं रक्त सांडलं, तेच ठिपके. फाटलेल्या जागेतून पातळ द्रव मागे शिरला आणि पडदा भिंतीपासून सुटत गेला. फाट वरच्या, कानाकडच्या बाजूला होती आणि पडद्यावर प्रतिमा उलटी पडते, म्हणून सावली खाली, नाकाकडे दिसली. उलट्या प्रतिमेची आकृती मी वर्गात किती वेळा काढली होती! सुटलेल्या भागाचा रंजितपटलाशी संबंध तुटतो आणि प्राणवायूवाचून त्या पेशी मरायला लागतात. म्हणून इथे तासांना किंमत असते. सगळ्या लोकांत मिळून असा पडदा दर दहा हजारांत वर्षाला साधारण एकाचा सुटतो. नंबर उणे तीनच्या पुढे असेल तर धोका दहा पटींच्या घरात जातो. लेझरने चष्मा घालवला म्हणून हा धोका कमी होत नाही.

ऑपरेशनमध्ये आतला द्रव काढून, पडदा जागेवर बसवून, फाटीभोवती लेझर मारून डोळ्यात गॅस भरला. तो बुडबुडा फाट दाबून धरतो, म्हणून मान खाली घालून राहायचं. मी पुण्यात बहिणीकडे कोचावर पालथी, कपाळाखाली उशी घेऊन दिवसच्या दिवस काढले. फरशीवरची नक्षी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं, एवढंच दिसायचं. घाट चढायला सक्त मनाई होती. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, डोळ्यातला गॅस प्रसरण पावतो आणि डोळ्यातला दाब धोकादायक वाढू शकतो. विमान तर बंदच. वाईहून पाचगणी पाच-सहाशे मीटर उंच आहे, त्यामुळे गॅस पूर्ण जाईपर्यंत शाळाही बंद. पुढे बसण्याची परवानगी मिळाल्यावर नजरेत एक आडवी, हलती रेघ दिसायला लागली. ती बुडबुड्याची कड. बुडबुडा डोळ्यात वर तरंगत असतो, पण प्रतिमा उलटी असल्याने तो खाली दिसतो, आणि जसजसा लहान होतो तसतशी रेघ खाली खाली जाते. बहिणीने त्या काळात मला एक गोष्ट वाचून दाखवली. पडद्याचं भोक बुजवलं तर सुटलेला पडदा परत बसतो, हे ज्यूल गोनँ नावाच्या डॉक्टरांनी १९२०च्या आसपास स्वित्झर्लंडमधल्या लोझानला दाखवून दिलं. त्याआधी असा डोळा बहुधा गेलाच म्हणून सोडून देत. मी ऐकून खूप वेळ गप्प होते.

पडदा बसला. नजर बरीच परत आली, पूर्ण नाही. उजव्या डोळ्याने सरळ रेषा सरळ दिसत नाही. हजेरीपटाची रेघ मध्यावर आली की आत वळते आणि पुढे पुन्हा सरळ होते. त्या वळणात सापडलेलं अक्षर बारीक आणि फिकट दिसतं. डाव्या डोळ्यातही लॅटिस आणि दोन लहान भोकं सापडली. त्यांच्याभोवती वेळेत लेझर मारला. काही मिनिटांचं काम. उजव्याचंही शिबिराच्या दिवशी कदाचित एवढ्यावर भागलं असतं.

पुढे वर्षभरात उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आला. पडद्याच्या अशा ऑपरेशननंतर तो बहुतेकांना येतोच. तो काढताना आत कोणत्या शक्तीचं भिंग बसवायचं ते डोळ्याच्या लांबीवरून आणि पुढच्या पटलाच्या वक्रतेवरून ठरतं. माझं पटल लेझरने बदललेलं, त्यामुळे नेहमीचा हिशेब चुकण्याची शक्यता. डॉक्टरांनी विचारलं, "लेझरच्या आधीची मापं आहेत का?" ती मी रद्दीत दिली होती. ज्यांच्याकडे लेझरचं ऑपरेशन झालं होतं तिथेही इतकं जुनं रेकॉर्ड मिळालं नाही. वेगळी सूत्रं वापरून भिंग निवडलं, तरी थोडा नंबर राहिला आणि चष्मा परत लागला. त्याचं मला दुःख नाही. दोन कागद जपून ठेवले असते तर डॉक्टरांना अंधारात चाचपावं लागलं नसतं, याचं आहे.

आणि आता सगळ्यात अवघड भाग. माझ्या मुलाला चौथीत चष्मा लागला. दुकानातल्या तपासणाऱ्याला मी सांगितलं, "पूर्ण नंबर देऊ नका, थोडा कमीच ठेवा, म्हणजे डोळ्यांना सवय लागून वाढणार नाही." माझ्या लहानपणी मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं मी विज्ञानाची शिक्षिका असून जसंच्या तसं पुढे दिलं. मलेशियात मुलांना मुद्दाम कमी नंबराचे चष्मे देऊन केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात त्या मुलांचा नंबर पूर्ण नंबर दिलेल्या मुलांपेक्षा जास्त वाढला होता. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी मी त्याचं संध्याकाळचं मैदान बंद केलं. तो दाराशी उभा राहून म्हणायचा, "आई, अर्धाच तास." मी पाठवलं नाही. डोळ्याची वाढ डोळ्यात पडणारी प्रतिमा पाहून ठरते, हे १९७७ साली टॉर्स्टन वीझेल आणि एलिओ राव्हिओला यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं होतं. पापण्या शिवून स्पष्ट प्रतिमा अडवलेले डोळे लांबत गेले. आणि बाहेरचा उजेड डोळ्याच्या या लांबण्याला आवर घालतो. चीनमध्ये ग्वांगझूला पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त मैदानावर ठेवलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली, नेहमीच्या वेळापत्रकातल्या ३९.५ टक्के मुलांना. हा अभ्यास २०१५ साली छापून आला. माझ्या मुलाचं मैदान मी त्यानंतर बंद केलं.

माझ्या ऑपरेशननंतर त्याला नेलं तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. डॉक्टरांनी नंबरासोबत लांबीही मोजली: २५.४ मिलिमीटर. पूर्ण नंबराचा चष्मा, रोज रात्री अत्यंत सौम्य अॅट्रोपिनचा एक थेंब, आणि दिवसा दोन तास बाहेर. वाढ मंदावली, पण आधी वाढलेली लांबी परत येत नाही. नंबर एकाने जरी कमी राखता आला तरी पुढे मध्यबिंदू बिघडण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. मध्यबिंदू बिघडणं म्हणजे ताणलेल्या थराला तडे जाणं, त्यातून नको त्या रक्तवाहिन्या उगवून रक्तस्राव होणं, आणि मग डोळ्यात पुन्हा पुन्हा इंजेक्शनं घेणं. माझ्या मुलाच्या वाट्याचा तो एक नंबर मी घालवला असेन, ही बोच मला माझ्या वाकड्या रेषेपेक्षा जास्त लागते.

वर्गातही मी अशीच चूक करत होते. डोळे बारीक करून फळ्याकडे बघणारी मुलं दरवर्षी असायची. मी त्यांना पुढच्या बाकावर बसवायचे आणि आपण काळजी घेतली असं मानायचे. काही पालकांना निरोप गेले, बऱ्याच जणांना गेले नाहीत. पुढच्या बाकावर बसून ती मुलं आणखी वर्षभर चष्म्याशिवाय राहिली. आता मी पुढे बसवते आणि त्याच दिवशी पालकांना फोन करते. शेवटची एक तासिका दर आठवड्याला झाडांखाली घेते.

ज्यांचा नंबर उणे सहाच्या पुढे आहे, किंवा लेझरच्या आधी होता, त्यांना माझी विनंती आहे. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा पाहून घ्या, आणि त्या दिवशी गाडी घरी ठेवा. एका डोळ्यात चमक, अचानक वाढलेले ठिपके किंवा कोपऱ्यात सावली दिसली तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जा, हातातलं काम कोणतंही असो. आपला मूळ नंबर विसरला असाल तर आज घरात विचारा, जुन्या फाइली काढा, सापडेल तो कागद फोटो काढून ठेवा, आणि डोळ्यांना हात लावणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना तो आकडा त्यांनी विचारण्याआधी सांगा.